झोपेतला कौल

आश्विन लागला की मी पश्चिमेकडची खिडकी लावून घेते. घरातले म्हणतात, मावशीला आता वारं सोसत नाही. म्हणू देत. वारं मला अजून चांगलं सोसतं. त्या वाऱ्यावर बसून जे यायचं ते सोसत नाही. आता तसं काही येतही नाही म्हणा. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, उतार नांगरले गेले, रोशाचं गवत उरलंय ते कुठं कडेकपारीला. पण नाकाची जात मोठी चिवट. डोळे विसरतात, कान विसरतात, नाक काही विसरायला तयार होत नाही.

हे घर मंगलचं. मंगल माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, लेक. तिला लहानाची मोठी मी केली, आणि आता म्हातारपणी तिनं मला सांभाळायचं असा आमचा न बोलता ठरलेला व्यवहार. श्रावणात मंगलच्या छातीत गाठ लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ती काढून टाका म्हणून सांगितलं. तेव्हापासनं घरात रोज बैठका चालल्यात. मुलगा म्हणतो पुण्याला दाखवू, जावई म्हणतो घाई कशाला, शेजारचे एक काढा सांगून गेले. मंगल सगळ्यांना चहा करून देते.

आणि परवा तिच्या सुनेनं एक बाटली आणली. करंगळीएवढी, वर गवताचं चित्र. टोपण उघडलं तशी खोलीत गुलाब दरवळला. गुलाब खरा, पण खालून काहीतरी तिखट, हिरवं, घशाला धरणारं. मी म्हटलं, "आधी टोपण लाव." तिला वाटलं मला वास आवडला नाही.

"अहो मावशी, लई गुणाचं तेल हाय. मोबाइलवर आलंय, ह्याच्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. आईंना रोज लावू या."

"मरतात की," मी म्हटलं. "मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात मरताना."

पोरीचा चेहरा उजळला. म्हातारीनं एकदाची आपली काहीतरी गोष्ट मान्य केली, असं तिला झालं असेल. मंगल आत पीठ मळत होती आणि परातीचा आवाज येत होता.

रोशा ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते नुसतं गवत वाटेल. भूम तालुक्यात ईट गावाच्या वरच्या अंगाला बालाघाटाचे उतार आहेत, तिथं ते कमरेइतकं वाढायचं. कोवळं असताना जनावरं खायची. भाद्रपद सरता सरता त्याला तुरे यायचे, आणि मग गाई त्याला तोंड लावायच्या नाहीत. तुरे आधी पोपटी, मग पिवळट, आणि आश्विनात सगळा डोंगर तांबूस. लोकांना ते देखणं वाटायचं. मला तो डोंगर डोळे आलेल्या माणसाच्या पापणीसारखा दिसायचा. त्यातून चालत गेलं की लुगड्याच्या काठाला वास धरायचा आणि दोन पाण्यांनी धुतलं तरी जायचा नाही.

त्याच दिवसांत ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या. मोठ्या भांड्यात गवत दाबून भरायचं, झाकण मातीनं लिंपायचं, खाली जाळ घालायचा. झाकणातून निघालेली नळी ओढ्याच्या गार पाण्यातून पुढं नेलेली असायची. नळीच्या टोकाशी पाणी ठिबकायचं आणि त्या पाण्यावर पिवळसर तेल तरंगायचं. त्याला म्हणायचे रोशेल. व्यापारी ते डब्यांनी मुंबईला न्यायचे, अत्तरात आणि साबणात घालायला. ईटच्या लोकांचे गुडघे धरले, अंगाला खरूज उठली, की ते बोटभर रोशेल चोळायचे. त्यापलीकडं त्या तेलाकडं कुणी काही मागितलं नव्हतं.

ताई त्या ईटला दिलेली. आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांच्या आळीतलं. आई लवकर गेली, तेव्हा ताई स्वतःच पोरवयात होती. तिनं दादाला आणि मला न्हाऊमाखू घातलं, मारलं, जेवू घातलं, आणि आम्ही हाताशी आल्यावरच लग्नाला उभी राहिली. दाजी शेतकरी, भला माणूस. भल्या माणसाचं एक असतं, त्याच्यावर धड रागावताही येत नाही. मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले होते. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुंबईसह महाराष्ट्रही झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण आमच्या वडिलांची, नानांची, जबान काही बदलली नाही. त्यांना अजूनही फिकीर व्हायची, आणि ते इलाजच शोधायचे.

दादा मुंबईला एका प्रयोगशाळेत होता. त्याचं काम ऐकून आळीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. कॅन्सर झालेल्या उंदराच्या पोटातलं पाणी काढायचं, त्यातल्या पेशी काचेच्या नळीत घ्यायच्या, आणि त्यांच्यावर निरनिराळ्या झाडपाल्यांची तेलं थेंबथेंब घालायची. मग निळा रंग सोडायचा. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. मेलेली घेते आणि निळी होते. "म्हणजे दारात राखण असेपर्यंत चोर बाहेर," असं त्यानं मला एकदा समजावलं होतं. तुळस झाली, ओवा झाला, वाळा झाला. त्याच्या डोक्यात एकदा आलं की आपल्या ताईच्या गावचं रोशेल का नको, म्हणून आदल्या साली तो ईटच्या भट्टीवरनं एक बाटली घेऊन गेला. तेव्हा ताई धडधाकट होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणायला लागले की त्यानंच ते तेल औषध म्हणून घरात आणलं.

ताईला छातीत गाठ लागली ती भाद्रपदात. दाजी आणि नाना तिला मिरजेला घेऊन गेले, मी सोबत होते. डॉक्टरांनी तिला तपासलं, आणि ती पडद्याआड चोळीच्या गाठी बांधत असताना ते बाहेर येऊन नानांशी आणि दाजींशी बोलले. गाठ काढावी लागेल, आजच दाखल करा म्हणाले. नाना म्हणाले, घट बसायचेत, पुजाऱ्याचं घर आहे, एवढं नवरात्र उरकू द्या. डॉक्टरांनी नाराजीनं मान हलवली आणि बजावलं, "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघा. दिवाळीवर ढकलू नका." ताई बाहेर आली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. तिनं विचारलं, "काय म्हणाले?" दाजी म्हणाले, "काय न्हाय, दसऱ्यानंतर यायचंय." ती बरं म्हणाली आणि माझा हात धरून पायऱ्या उतरली.

तुळजापूरचं नवरात्र बाहेरच्यांना गर्दीचं आणि संबळाचं वाटतं. आम्हाला ते दोन झोपांच्या मधलं वाटतं. नवरात्राच्या आधी देवी पलंगावर निजते, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून आली की थकून पुन्हा निजते, ती थेट पौर्णिमेला उठते. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी खाटेवर झोपायचं नाही. देवी शिणून पडलीय, आपण कसं चैनीत लोळायचं. गावात बोलणंसुद्धा खालच्या आवाजात व्हायचं. लहानपणी मला त्या दिवसांची भीती वाटायची. ज्या बाईच्या जिवावर सगळं गाव निश्चिंत, तीच डोळे मिटून पडलेली, आणि बाहेर काहीही होऊ शकतं, असं काहीतरी मनात यायचं. दसऱ्याला ताई माहेरी आली होती. त्या रात्रीपासनं तीही आमच्यासारखीच घोंगडीवर निजली. कूस बदलताना तिच्या तोंडून हलका आवाज निघायचा, तेवढाच.

दादा दसऱ्याच्या सकाळीच मुंबईहून आला होता. दुपारी पानं वाढली. सगळे पंगतीला होते. त्याला ताईचं कळलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीही होती, पण त्याहून वेगळं काहीतरी होतं, जे त्याला धरवत नव्हतं. शेवटी तो बोललाच.

"ताई, तुमच्या भट्टीवरनं नेलेलं तेल मी काचेत घालून बघितलं. एवढासा थेंब. सगळ्या पेशी निळ्या झाल्या."

"निळ्या म्हंजी?" दाजींनी विचारलं.

"मेल्या."

"कॅन्सरच्या?"

"कॅन्सरच्याच. पण हे अजून काचेतलं आहे, दाजी. उंदरावर व्हायचंय, माणसापर्यंत यायला कैक वर्षं लागतात. कितीतरी तेलं तिथवर येतच नाहीत."

हे सगळं तो बोलला. स्वच्छ, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला. पण पहिल्या वाक्यानंच दाजींचा हात भाताच्या ढिगावर थांबला होता आणि नानांनी डोळे मिटून हात जोडले होते. तहानेल्या माणसाला विहिरीचं नाव सांगितल्यावर ती किती खोल आहे हे तो ऐकत नाही. मी ताईकडं बघितलं. ती मंगलच्या पानातला मासवडीचा तुकडा मोडून देत होती.

ठरल्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी मिरजेची येष्टी धरायची. सकाळी दाजी आंघोळ करून उभे राहिले आणि म्हणाले, "नाना, एकदा चिंतामणीला हात लावून येऊ."

चिंतामणी म्हणजे देवळातला कौलाचा दगड. गोल, गुळगुळीत. त्याच्यावर दोन्ही तळवे टेकवायचे आणि मनात प्रश्न धरायचा, मोठ्यानं बोलायचा नाही. दगड उजवीकडं फिरला तर हो. डावीकडं फिरला तर नाही. जागचा हलला नाही तर थांबा. लग्नं, शेतं, कोर्टातले दावे, सगळं त्या दगडाला विचारून झालेलं मी बघितलं आहे. मी शास्त्र शिकवायची, पण तुळजापुरात वाढलेल्या माणसाला त्या दगडाला हसता येत नाही. आजही येत नाही.

नानांच्या कपाळाला आठी पडली. "देवी निजलीय, पाव्हणं. निजली असताना आमच्यात कौल घेत न्हाईत. झोपेतलं माणूस कशालाबी हूं म्हणतं, ते काय खरं धरायचं? पुनवेपर्यंत सबूर करा."

"पुनवेपातुर सबूर केली तर मिरज कवा गाठायची?" दाजी म्हणाले. "आन् तेलानंच भागणार असंल तर कशाला तिला कापायला न्यायची?"

नाना एरवी दंडकाला पक्के. एवढ्या-तेवढ्यावरनं त्यांनी भल्याभल्यांना पायरीवरनं परत पाठवलेलं. त्या दिवशी ते थोडा वेळ उपरण्याचं टोक पिळत बसले आणि मग पायात वहाणा घालून पुढं झाले. लेक होती त्यांची. त्यांनाही उत्तर हवं होतं, आणि हवं तेच हवं होतं.

देवळात गर्दी ओसरलेली होती. दाजींनी दगडावर हात ठेवले. त्यांचे शेतातले, भेगाळलेले हात. ताई बाजूला खांबाशी टेकून उभी होती, तिनं पदर छातीशी घट्ट धरला होता. तिचा एक खांदा त्या दिवसांत जरा वर उचललेला असायचा. दगड काही वेळ हलला नाही. मग हलला, आणि सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा, उजवीकडं गेला. दाजी तिथंच रडायला लागले. कशाबद्दल विचारलं म्हणून नानांनी खुणेनं पुसलं, तर म्हणाले, "तेल गाठीला मारील का, एवढंच इचारलं."

त्या दिवशी मिरजेची येष्टी गेली, आमचं कुणी तिच्यात नव्हतं.

घरात त्यावरनं भांडणं झाली, नाही असं नाही. दादा म्हणाला तेल लावायचं तर लावा, मिरज सोडू नका. तो म्हणाला खरं, पण हळू आवाजात. त्याच्याही मनात कुठंतरी होतं की लागू पडलं तर. मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, आणि नानांनी मला गप्प केलं. पण आज मागं वळून बघते तेव्हा एक गोष्ट जाणवते, आम्ही सगळे भांडलो ते तेलावर. तेल चांगलं की वाईट, खरं की खोटं, काचेतलं की माणसातलं. ताई त्या वेळी चुलीपाशी असायची किंवा मंगलची वेणी घालत असायची.

तिसऱ्या दिवशी दाजी आणि दादा ईटला गेले. ताई आणि मंगलला पोचवायला मीही गेले. दादाला मुंबईला न्यायला ताजं तेल हवं होतं. ओढ्याकाठी भट्टी लागलेली होती. धूर सरळ वर न जाता खाली बसत होता आणि त्यात तो वास, इतका दाट की गोड वास असूनही मळमळावं. गवताचे भारे घेऊन माणसं उतारावरनं येत होती. दाजींनी आपल्या बाटलीत तेल भरून घेतलं, ती उन्हाकडं धरून बघितली, आणि कपाळाला लावली. मंगल म्हणाली, "मावशी, आईला आता फुलासारखा वास येणार."

मग दादा मुंबईला गेला, मी तुळजापूरला शाळेत परत आले. तेरणा नदीच्या अंगानं वारा आला की मला उगीच वाटायचं ताईचा वास येतोय. ईट तिथून किती लांब. वास कसा येईल. पण मी खिडकी लावायला लागले ती तेव्हापासनं.

वसुबारसेला ताई दिवाळीसाठी माहेरी आली. आधी वास आला. आम्ही ओसरीवर होतो, ती अजून कोपऱ्यावर वळायची होती, आणि शेजारीण म्हणाली, "अगंबाई, अत्तर कुणी लावलंय एवढं?" मग ताई दिसली. वाळलेली. गालाची हाडं वर आलेली, आणि त्या उचललेल्या खांद्याचा हात पोटाशी धरलेला. तिला आंघोळ घालायची म्हणून मी पाणी काढलं, तेव्हा बघितलं. छातीची सगळी कातडी सोलून लाल झाली होती, कुठं कुठं पाणी धरलं होतं. आणि त्या सोललेल्या कातडीखाली गाठ होती तिथंच होती. तिथंच नाही, वाढली होती.

"दुधातनंबी देतात," ताई म्हणाली. "दोन दोन थेंब. पोटात आग पडते."

"सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं की. हे म्हणाले, आग पडते म्हंजी लागू पडतंय."

मी तिच्या अंगावर सावकाश पाणी ओतत राहिले. मला एवढा राग आला होता की कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं. दाजी बाहेर नानांना सांगत होते, आता फरक दिसायला लागलाय, कातडी पालटायला लागलीय.

दादा धनत्रयोदशीला आला. फराळाला बसला नाही, ताईच्या जवळ गेला नाही. दुपारी मला म्हणाला, "तुझ्या शाळेतला सूक्ष्मदर्शक चालतो का?" त्यानं मुंबईला परतल्यावर आणखी एक गोष्ट करून बघितली होती. स्वतःच्या रक्तातल्या चांगल्या, निरोगी पेशी घेतल्या आणि त्यांच्यावर तेच रोशेल घातलं. आम्ही ओसरीच्या टोकाला बोलत होतो. ताई मागं कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"मला दाखव," ती म्हणाली. "ते निळं काय असतं ते मला बघायचंय."

सुट्टीमुळं शाळा ओस पडली होती. किल्ली माझ्याकडं होती. वर्गात खडूचा आणि बंद खोलीचा वास होता, आणि आम्ही आत गेलो तसा तोही ताईच्या वासाखाली बुडाला. दाजी दारातच थांबले. दादानं पिशवीतनं रंगाची बाटली काढली आणि सुईनं बोट टोचायला घेतलं. ताई म्हणाली, "तुझं कशाला? माझं घे की."

त्यानं तिच्या बोटाचं रक्त घेतलं. पहिल्या काचेवर नुसतं रक्त आणि रंग. ताईला एक डोळा मिटता येत नव्हता, म्हणून तिनं तळव्यानं झाकला आणि दुसरा भिंगाला लावला. दादा शेजारून सांगत होता. त्या तांबड्या चकत्या, ती मधेच एखादी मोठी फिकी दिसते ती पांढरी पेशी, बघ, रंग तिच्या भोवतीनं आहे, आत नाही. ती जिवंत आहे. ताई म्हणाली, "दिसली." मग दुसऱ्या काचेवर त्यानं रक्तात रोशेल मिसळलं. आधी मी बघितलं. चकत्या बघता बघता विरघळत होत्या, पाण्यात गूळ विरघळावा तशा. उरल्या त्या फिक्या पेशी, आणि त्या एकेक करून निळ्या होत गेल्या. मी बाजूला झाले. ताई पुष्कळ वेळ भिंगाला डोळा लावून उभी होती.

"ह्या माझ्या चांगल्या?" तिनं विचारलं.

"हो."

"आन् त्या वाईट, त्याबी अशाच मरतात?"

"अशाच."

"मग त्याला फरक कळत न्हाय म्हण की," ती म्हणाली. तिनं डोळ्यावरचा तळवा काढला. "दगडानं काय खोटं सांगितलं न्हाय. ह्यांनी इचारलं मारील का. मारील म्हणाला."

दारात दाजी होते. ते खाली बसले, उंबऱ्यावरच. दादानं काच पुसली, रंगाची बाटली पिशवीत टाकली आणि पुन्हा काढून बघितली, तिचं बूच नीट बसलंय का म्हणून.

पाडव्याची ओवाळणी झाली न झाली तोच आम्ही निघालो. येष्टीनं सोलापूर, पुढं रेल्वेनं मिरज. ताईला खिडकीजवळ बसवलं होतं. गाडीतली माणसं वळून वळून बघायची, एवढा सुगंध कुठनं येतो म्हणून. एक बाई तर तिला म्हणाली, "नशीबवान दिसता, नवऱ्यानं अत्तर आणलेलं दिसतंय." ताई तिच्याकडं बघून हसली. दाजी समोर बसले होते, त्यांनी तोंड दुसरीकडं केलं.

नाना मरेपर्यंत म्हणत राहिले की देवी निजली असताना कौल घेतला, त्याचं हे. दादा म्हणत राहिला की कौलाचं सोड, प्रश्नच अर्धा होता, आणि अर्धा प्रश्न त्यानं स्वतः काचेला आधी विचारला होता. दोघं एकमेकांना अडाणी समजायचे. मला दोघांचं म्हणणं एकच वाटतं. काच काय, दगड काय, झोपेतच असतात. त्यांना विचाराल तेवढ्यालाच ते हूं म्हणतात. पुढचं विचारायला जागं माणूस लागतं. दादानं पुढं ते काम सोडलं नाही. आयुष्यभर केलं, फक्त कुठल्याही तेलाची दुसरी काच आधी बघायचा, चांगल्या पेशींची. रोशेलाला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही.

डॉक्टरांनी गाठ काढली, पण ती काखेत उतरली होती आणि आणखीही कुठं कुठं. दसऱ्याला आला असतात तर, एवढंच ते म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. ताई फाल्गुनापर्यंत होती. त्या दिवसांत डोंगरावरचं वाळलेलं रोशा पेटवतात, नवं फुटावं म्हणून. ती गेली त्या दिवशी ईटच्या वरचे उतार काळे पडले होते आणि राखेलाही तोच वास होता.

पण मिरजेचं एक जेवढं आठवतं, तेवढं मला ते सगळं आठवत नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. आम्ही सगळे खाटेभोवती होतो, नाना, दाजी, दादा, मी. डॉक्टर भाद्रपदातलेच, पण त्यांनी ह्या खेपेला आमच्या कुणाकडं बघितलं नाही. स्टूल ओढून ताईच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "बाई, तुमची काय इच्छा आहे? करायचं का ऑपरेशन?"

ताईनं आधी आमच्याकडं बघितलं. तिला वाटलं असावं ते दुसऱ्या कुणाला विचारतायत.

"माझी तर पयल्या दिसापासनं हाय," ती म्हणाली. "त्या पडद्याआड चोळी बांधताना मी म्हणतच होते, आजच राहते म्हणून. पण बाहेर आले तर तुमचं सगळ्यांचं ठरलं होतं. मला कुणी इचारलंच न्हाय."

नाना भिंतीकडं वळले. दाजींनी खाटेची कड धरली ती तिला आत नेईपर्यंत सोडली नाही.

परवा सुनेनं बाटली टेबलावर ठेवली आणि मुलगा, जावई त्या तेलावर बोलायला लागले. एकाचं म्हणणं, लावायला काय हरकत आहे. दुसऱ्याचं, आधी इंटरनेटवर नीट बघू. टोपण लावलेलं होतं तरी मला वास येत होता. मी काठी घेतली आणि सैपाकघरात गेले. मंगल भाकरी थापत होती. तिचा उजवा खांदा जरासा वर उचललेला होता. आईचाच खांदा. मी आजवर तो कसा बघितला नव्हता कुणास ठाऊक.

"मंगल," मी म्हटलं, "त्यांना बसू दे तिकडं. तुला काय करायचंय?"

तिचा हात थांबला. परातीतल्या भाकरीवर तिची बोटं तशीच राहिली.

"मला सोमवारीच जायचं होतं, मावशी," ती म्हणाली. "मागल्या सोमवारी. कपडे भरून ठेवलेत पिशवीत, पलंगाखाली हाय."

मी दारात आले आणि सुनेला हाक मारली. म्हटलं, गाडीवाल्याला फोन लाव, उद्या सकाळी सोलापूरला जायचंय, आणि ती बाटली उचल तिथनं.